पहिल्या वर्षी फुलं, दुसऱ्या वर्षी नुसती पानं: कोल्हापुरात लिलीच्या कांद्यांचं काय बिघडतं

फाल्गुन लागला की आमच्या गल्लीत एक तक्रार हमखास येते. यंदा ती शेजारच्या मावशींनी कुंपणापलीकडून केली. "अगं, गेल्या साली ती लिली कशी फुलली हुती! दोन दांडे, चार-चार फुलं. यंदा बघ की, पानं नुसती माजल्यात. आन् त्या कोपऱ्यातला कांदा तर सापडंनाच झालाय."

मी फुलेवाडीत राहते आणि अठरा वर्षं कांद्यांची, गड्ड्यांची झाडं लावते आहे. ही तक्रार मी राजारामपुरीतही ऐकली आहे, कसबा बावड्यातही. क्रम ठरलेला. पहिल्या वर्षी फुलं, दुसऱ्या वर्षी पानं, तिसऱ्या वर्षी जागा रिकामी. आणि उपायही ठरलेला: अजून खत, अजून पाणी. त्यानंच बहुतेक कांदे जातात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इथं लिली म्हणजे अ‍ॅमरिलिस, ती मोठ्या कर्ण्यासारख्या लाल, केशरी, गुलाबी फुलांची. वसंतात फुलणाऱ्या कांद्यांत कोल्हापूरला सगळ्यांत जास्त मानवणारी तीच. बाकीच्यांचं पुढं येईलच.

आधी कांदा बघा, मग उपाय

पानं बघून काही कळत नाही. कांद्यापासून चार बोटं लांब खुरपं घाला, मुळं न तोडता एक कांदा वर काढा आणि हातात घ्या. अंगठ्यानं आधी मान दाबा, मग बूड. बूड म्हणजे खालची ती चपटी चकती, जिथून मुळं फुटतात. कांदा स्वयंपाकघरातल्या ताज्या कांद्यासारखा टणक आणि वजनदार लागला तर तो निरोगी आहे, फक्त त्याला फुलायला काहीतरी कमी पडलंय. टणक आहे पण हलका आणि लिंबाएवढा झालाय, तर तो उपाशी आहे. बूड मऊ लागतंय, दाबल्यावर पाणी सुटतंय आणि कुबट वास येतोय, तर तो सडलाय. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

दोन वर्षांमागं माझा एक चांगला पोसलेला कांदा फुलला नाही. मन घट्ट करून तो विळीवर उभा चिरला. आत पांढरेशुभ्र पापुद्रे, एकावर एक, आणि त्या पापुद्र्यांच्या मधे नखाएवढी एक चपटी कळी होती. ती तपकिरी पडून कागदासारखी वाळलेली. म्हणजे फूल तयार झालं होतं, बाहेर यायच्या आधी आतल्या आत गेलं. तिच्या आत, कांद्याच्या मध्याकडं, दुसरी एक कळी होती. ती गव्हाच्या दाण्याएवढी, फिकट हिरवी, जिवंत.

त्या दिवशी बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. अ‍ॅमरिलिसचा कांदा साधारण चार पानांमागं एक फुलाचा दांडा तयार करतो, आणि आज बाहेर दिसणारी कळी जवळजवळ वर्षभर आधी आत धरलेली असते. म्हणजे यंदा पाडव्याला फूल आलं नाही, तर त्याचं कारण यंदाच्या पाण्यात शोधून उपयोग नाही. ते गेल्या पावसाळ्यात आणि गेल्या हिवाळ्यात शोधायचं.

गेल्या पावसाळ्यात पानांचं काय झालं?

फुलं गेल्यावर येणारी पानं हीच कांद्याची भाकरी. कुणी बागेला नीटनेटकेपणा यावा म्हणून ती कापतं, कुणी वेणी घालून बांधून ठेवतं, कुणाच्या अंगणात ती नारळाच्या किंवा चिकूच्या दाट सावलीत वाढतात. तिन्हीचा परिणाम एकच. कांदा खर्च होतो, भरत नाही. दिवसाला निदान चार-पाच तासांचं ऊन हवं, त्यातही सकाळचं हवंच.

खताबद्दल एक स्पष्ट सांगते. आपल्या भागात घरोघरी ऊस, त्यामुळं युरियाची पिशवी घरातच असते आणि "टाक की चिमूटभर" म्हणून ती बागेतही येते. युरियानं लिलीची पानं हातभर लांब, मऊ, लोळणारी होतात आणि कांदा पोकळच राहतो. मावशींच्या "माजलेल्या" पानांचं रहस्य हेच होतं. मी जूनमध्ये प्रत्येक कांद्याभोवती दोन मुठी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप मिळाली की पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पोटॅश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला दोन ग्रॅम. सप्टेंबरमध्ये ते थांबवून ००:००:५०, त्याच प्रमाणात दोन वेळा. शेवटचं हे पोटॅश कांदा भरायला लागतं. ताजं शेण मात्र बुडाशी अजिबात नको, त्यानं मान सडते.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे अळी. काळी, अंगावर पांढरे आणि लाल-केशरी ठिपके, दिसायला देखणी. पानाच्या मागं पुंजक्यानं अंडी असतात आणि एकदा सुटली की तीन-चार रात्रींत अख्ख्या रांगेचे खुंट राहतात. काही अळ्या पान पोखरत मानेतून थेट कांद्यात उतरतात. आषाढ-श्रावणात रोज सकाळी पानं उलटून बघायची, अंडी दिसली तर तो तुकडा कापून टाकायचा आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात. घरच्या बागेत एवढं पुरतं. ज्यांची पानं गेल्या श्रावणात खाल्ली गेली, त्यांनी यंदा फुलाची अपेक्षा ठेवू नये आणि कांद्यालाही दोष देऊ नये.

हिवाळ्यात कांदा झोपला का?

आपल्याकडं सगळ्यात जास्त चूक होते ती इथं. अ‍ॅमरिलिस मूळची दक्षिण अमेरिकेतली. ओला हंगाम, मग कोरडा हंगाम, अशा हवेत वाढलेली. कोरड्या दिवसांत कांदा जमिनीत गप्प पडून राहतो आणि त्या विश्रांतीनंतरच दांडा वर येतो. आपल्या डोंगरातही हेच चालतं. रानकांदा बघा, भर उन्हाळ्यात पान नसलेला उघडा दांडा फुलतो आणि पानं येतात ती पावसानंतर.

पण अंगणात तुळस, जास्वंद, गुलाब आणि लिली एकाच आळ्यात असतात. संध्याकाळी पाइप धरला की सगळ्यांना सारखं पाणी. डिसेंबरातही लिली पाणी पीत राहते, पानं हिरवी राहतात आणि कांद्याला झोपच मिळत नाही.

तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सणांचा हिशेब ठेवते. दसऱ्याला पाणी निम्म्यावर आणायचं. भाऊबीज झाली की बंद. पानं पिवळी पडतात, पडू द्यायची, ती पूर्ण वाळल्यावरच ओढून काढायची. साधारण दहा आठवडे कोरडे गेलेच पाहिजेत. कुंडी असेल तर आडवी करून वळचणीला, सावलीत ठेवायची, कारण एखाद्या वर्षी डिसेंबरात अवकाळी पाऊस येऊन सगळं मुसळ केरात जातं. मग महाशिवरात्रीच्या आसपास मानेतून हिरवी-तांबूस जीभ डोकावते का बघायचं. डोकावली की पहिलं पाणी, तेही कांद्याच्या मानेवर न ओतता कडेनं. पाडव्यापासून जोतिबाच्या यात्रेपर्यंत फुलं मिळतात.

जीभ जाड असेल तर ती कळी, पातळ आणि चपटी असेल तर पान. पान आधी आलं तरी घाई करून कांदा उकरू नका, कधी कधी कळी मागाहून बाजूनं येते.

काळी माती आणि सडणारे कांदे

आता ज्यांचा कांदा मऊ निघाला त्यांच्यासाठी. शहराच्या बऱ्याच भागात, नदीकाठानं तर सगळीकडंच, काळी भारी माती आहे. ती उसाला सोनं आहे, कांद्याला अवघड. जुलैत ती पाणी धरते ते नोव्हेंबरपर्यंत सोडत नाही. वर करकरीत कोरडी दिसते आणि वीतभर खाली हात घातला तर गार ओल. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात मुळं तुटतात, आणि तुटलेल्या मुळांतूनच पुढच्या पावसात कुज शिरते.

यावर सगळे सांगतात तो उपाय मीही केला होता. फूटभर खड्डा घेतला, काळी माती काढली, पन्हाळ्याकडची तांबडी माती आणि वाळू भरली, त्यात सहा कांदे लावले. ऑगस्टपर्यंत सहाही गेले. कारण नंतर समजलं. काळ्या मातीतला तो खड्डा म्हणजे हौद. भोवतालची माती पाणी पाझरू देत नाही, आणि आतली भुसभुशीत माती चारी बाजूंचं पाणी ओढून घेते. कांदे अक्षरशः पाण्यात बसले होते. काळ्या मातीत दोन-चार घमेली वाळू मिसळूनही भागत नाही, उलट वाळल्यावर ती विटेसारखी बसते.

जमिनीची परीक्षा सोपी आहे. फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांत चार इंचही उतरलं नाही, तर तिथं खाली लावूच नका, वर उचला. जमिनीवर नऊ इंच ते फूटभर उंचीचा गादीवाफा करा. कडेला विटा नाहीतर जांभ्याचे चिरे. आत दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. नदीची वाळू मिळत नसेल तर क्रश सँड चालते, फक्त पाण्यानं धुऊन तिच्यातली पूड काढून टाका, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते.

आणि खोली! बहुतेक लोक कांदा बटाट्यासारखा पुरतात. अ‍ॅमरिलिसचा वरचा तिसरा हिस्सा, मान धरून, मातीच्या वर दिसला पाहिजे. मान मातीत गेली की तिथं पाणी साचतं. पानांवर, दांड्यावर लालसर चट्टे उठत असतील तर ती बुरशी आहे. तिलाही मानेतली ओलच आवडते. चट्ट्यांची पानं काढून टाका, वरून पाणी मारणं बंद करा.

सडलेला कांदा वाचतो का? बूड शाबूत असेल तर वाचतो. मऊ पापुद्रे सोलत जायचे, पांढरा टणक भाग लागेपर्यंत. मुळं कुजली असतील तर कापायची. ट्रायकोडर्माच्या (कुज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीच्या) पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत चार-पाच दिवस उघडा सुकवायचा आणि मग फक्त वाळूत बसवायचा. नवी मुळं फुटली की मातीत. बूडच गेलं असेल तर टाकून द्या, शेजारचे कांदे तरी वाचतील.

एक निरीक्षण नोंदवते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नागाळा पार्कातल्या माझ्या नात्यातल्या एका घराच्या अंगणात कितीतरी दिवस पाणी होतं. गाळ काढल्यावर अ‍ॅमरिलिसचा एकही कांदा मिळाला नाही. नागदवणा आणि पांढरी स्पायडर लिली मात्र गाळातून तशीच उभी राहिली, आणि जुलै २०२१ च्या पुरानंतरही. ज्यांच्या दारात पाणी येतं त्यांनी जमिनीत याच दोन लावाव्यात आणि अ‍ॅमरिलिस कुंडीत, उचलता येईल अशी ठेवावी.

ट्युलिपचं कोल्हापुरात काय होतं

हल्ली ऑनलाइन विक्रेत्यांकडून ट्युलिप, डॅफोडिल, हायसिंथचे कांदे येतात. पाकिटावरचा फोटो बघून मीही मागवले आहेत. फुटतात, दोन पानं येतात, आणि संपतं. यात लावणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, हवा वेगळी आहे. ट्युलिप मध्य आशियातल्या थंड डोंगरांतली. तिला बारा ते चौदा आठवडे ४ ते ८ अंशांची सलग थंडी मिळाली तरच आतला दांडा लांबतो. श्रीनगरला दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्युलिप बाग आहे. तिथं शरदात लावलेले कांदे हिवाळाभर गारठ्यात राहतात, तेव्हा मार्चअखेर ती फुलं दिसतात. आपल्याकडं जानेवारीच्या पहाटेही पारा १४-१५ च्या आसपास, दुपारी थेट तिशीकडं.

तरीही एकदा हौस करायची असेल तर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत, सप्टेंबरअखेर ते डिसेंबरअखेर कांदे ठेवा. फ्रीजर नको. त्या काळात कप्प्यात केळी, सफरचंद, टोमॅटो नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि तो कांद्यातली कळी मारतो. बाहेरून कांदा ठणठणीत दिसतो, फूल मात्र येत नाही. पिशवीवर मोठ्या अक्षरात "विषारी, खायचे नाहीत" असं लिहा. हे मनापासून सांगते. ट्युलिप, डॅफोडिल, अ‍ॅमरिलिस, सगळ्यांचे कांदे खाण्याच्या कांद्यासारखेच दिसतात आणि पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर वाळवायला ठेवलेले कांदेही उंचावर असू देत.

नववर्षाच्या सुमारास कुंडीत लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवले तर फेब्रुवारीत आखूड दांड्यावर फूल येईल, तीन-चार दिवस टिकेल. पुढच्या वर्षी तो कांदा फुलणार नाही. त्यापेक्षा हायसिंथ बरी. दहा-बारा आठवडे थंड करून काचेच्या पेल्यावर, बूड पाण्याला जेमतेम टेकेल असं बसवलं की घरभर वास सुटतो. डॅफोडिलवर मी आता पैसे घालत नाही.

ज्यांना चैत्र-वैशाखात वेगळं काही हवं, त्यांनी फुटबॉल लिली लावावी. पहिला वळीव पडला की बिनपानाच्या दांड्यावर लाल चेंडू उभा राहतो. नोव्हेंबर ते एप्रिल तिला पाण्याचा थेंब नको, आणि एकदा लावल्यावर जागा बदलू नका, हलवली की वर्षभर रुसते. वळवानंतर चार-पाच दिवसांत फुलणारी छोटी गुलाबी पावसाळी लिली तर कुठंही येते, तिला दाटीवाटीही चालते.

निशिगंधाचं वेगळं आहे. ज्या कांद्याला एकदा दांडा आला तो पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिलं फुलतात. दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून, पिलं सुटी करून, एप्रिल-मेमध्ये पुन्हा लावली नाहीत तर फक्त गवतासारखी पानं राहतात. दोन सेंटीमीटरहून जाड पिलू निवडा. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं काढलेली प्रज्वल ही एकेरी फुलांची जात चांगली भरते. ग्लॅडिओलस ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. ताजे काढलेले गड्डे तीन महिने झोपेत असतात, त्यामुळं कोंब डोकावलेलेच घ्या.

कांदा विकत घेताना

अ‍ॅमरिलिस घ्यायची ती जानेवारी-फेब्रुवारीत, झोपेतली. शिंप्याची टेप घेऊन जा. घेर २० सेंटीमीटरच्या वर असेल तर यंदाच फुलेल, त्याखालचा कांदा स्वस्त मिळाला तरी वर्ष-दोन वर्षं पोसावा लागेल. मान दाबून बघा, बूड उलटं करून बघा, वाळकी मुळं असली तर उत्तम, बूड खरवडून स्वच्छ केलेलं असेल तर नको. बाहेरच्या तपकिरी पापुद्र्यावर थोडी निळसर बुरशी असेल आणि आत कांदा टणक असेल, तर तेवढा पापुद्रा काढला की झालं.

मावशींचे कांदे परवा काढले. सात निघाले. दोन सडलेले होते, ते फेकले. पाच टणक, पण सगळे लिंबाएवढे, यंदा फूल येणार नाही हे त्यांना स्पष्ट सांगितलं. चिकूखालून हलवून पूर्वेच्या भिंतीशी जांभ्याचे चार चिरे मांडून वाफा केला आणि त्यात माना वर ठेवून लावले. मावशींनी आत जाऊन कालनिर्णयाचं भाऊबिजेचं पान काढलं आणि त्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, "लिलीचं पाणी बंद".